रजिस्टरांचे निवेदन : एम्युलेटर, डीबगर आणि ‘परम ८०००’चा प्रोसेसर

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घ्यावयाचे आणि तिसऱ्याने त्या सोंगास प्रश्न विचारून मूळ यंत्राच्या अंतरंगाची माहिती काढावयाची, असा एक व्यवहार संगणकशास्त्रात आता नित्याचा झाला आहे. सोंग घेणाऱ्या प्रोग्रामास एम्युलेटर म्हणतात; प्रश्न विचारणारा तो डीबगर. प्रश्न बहुधा एकाच गोष्टीविषयी असतात, ती म्हणजे प्रोसेसरची रजिस्टरे. प्रोसेसर चालू कामाची मूल्ये ज्या मोजक्या जागांत धरून ठेवतो त्या जागा म्हणजे रजिस्टरे. आणि प्रोग्राम मध्येच थांबविला असता त्यांच्यात काय आहे हे कळल्याखेरीज दोष कोठे आहे हे सांगता येत नाही. डीबगर विचारतो, एम्युलेटर सांगतो आणि विद्यार्थी त्या सांगण्यावर विसंबून तासन्‌तास काम करतो. हे सांगणे कसे असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का शिरावे, असे आमच्या विभागातीलच काही विद्यार्थ्यांनी विचारले आहे. कारण उघड आहे. येथे दोन वक्ते आहेत, मर्यादित शब्दसंग्रह आहे, पूर्वी ठरलेला संकेत आहे. आणि जे बिघडते ते बहुधा गणित नव्हे, तर अर्थ. एम्युलेटर आकडा देतो. तो आकडा कशाचा, कोणत्या क्षणाचा आणि कितपत निश्चित, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. या तिहींपैकी पहिल्या गोष्टीकडे संकेत ठरविणाऱ्यांचे बरेच लक्ष गेले आहे, दुसरीकडे एम्युलेटर लिहिणाऱ्यांचे गेले आहे, तिसरीकडे जवळजवळ कोणाचेच गेलेले नाही, असे माझे मत आहे.

जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. दूरस्थ यंत्राशी बोलण्यासाठी त्याने जो संकेत रूढ केला तोच आज बहुतेक एम्युलेटर पाळतात. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये पुढे आणलेला क्यूएमू हा त्यांतील सर्वांत प्रचलित. या संकेतात डीबगर ‘जी’ हे एकच अक्षर पाठवितो आणि उत्तरादाखल सर्व रजिस्टरांची मूल्ये सोळाच्या पायातील अंकांत, एकापुढे एक, मध्ये कोणतेही विरामचिन्ह न ठेवता येतात. नाव नाही, रुंदी नाही, जात नाही. पहिले आठ अंक कोणाचे आणि पुढचे आठ कोणाचे, हे दोघांनी आधीच मनात धरलेले असते. पदांचा अर्थ केवळ स्थानावरून ठरविणाऱ्या भाषा आपणांस अपरिचित नाहीत. परंतु त्या भाषांतही शब्द असतात. येथे शब्दच गाळलेले आहेत आणि उरले आहे ते केवळ स्थान.

याचा परिणाम पाहावयाचा तर इंटेलच्या प्रोसेसरांचे उदाहरण पुरेसे आहे. ३२ बिटांच्या पद्धतीत हा संकेत पहिली चार रजिस्टरे ईएएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स, ईबीएक्स अशा क्रमाने देतो. हा क्रम यंत्रभाषेतील त्यांच्या अनुक्रमांकांचा आहे. ६४ बिटांच्या पद्धतीत तोच संकेत आरएएक्स, आरबीएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स असा वर्णमालेस धरून चालतो. पहिल्या पद्धतीत चौथे असलेले ‘बी’चे रजिस्टर दुसरीत दुसरे होते. आता असा प्रोसेसर चालू होताना प्रथम १६ बिटांच्या, मग ३२ बिटांच्या आणि शेवटी ६४ बिटांच्या पद्धतीत जातो, हे ध्यानात घ्यावे. एम्युलेटरने पद्धत बदलताच उत्तराचा आकार बदलला आणि डीबगर मात्र जुन्याच आकाराची वाट पाहत राहिला, तर उत्तर अपेक्षेहून लांब आहे अशी तक्रार करून तो काम थांबवितो. कार्यप्रणाली घडविण्याचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची ही तक्रार कधी ना कधी भेट घेतेच. मला मात्र तक्रारीपेक्षा मौनाची भीती अधिक वाटते. लांबी योगायोगाने जुळली आणि क्रम जुळला नाही, तर कोणीही तक्रार करीत नाही.

या दोषावर उपाय निघाला आहे आणि तो चांगला आहे. एम्युलेटरने आरंभीच एक्सएमएलमध्ये लिहिलेले आपले वर्णन डीबगरास द्यावयाचे. त्यात प्रत्येक रजिस्टराचे नाव, बिटांतील रुंदी, मूल्याची जात, अनुक्रमांक आणि गट ही सांगितलेली असतात. भाषेने आपला कोश स्वतःबरोबर आणावा, तसा हा प्रकार आहे. असे वर्णन न देणारा एम्युलेटर अपुरा समजावा, इतके स्पष्ट म्हणावयास आता हरकत नाही. नावांचे काही किरकोळ वाद राहतात. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरात ‘एक्स-२’ आणि ‘एसपी’ ही एकाच रजिस्टराची दोन नावे. पहिले क्रमावरून पडलेले, दुसरे कामावरून. परंतु पर्यायशब्दांनी आजवर कोणत्याही भाषेचे नुकसान झालेले नाही.

क्षणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एम्युलेटर हा मूळ प्रोसेसरप्रमाणे एकेक आज्ञा घेऊन चालतोच असे नाही. क्यूएमू अनेक आज्ञांचा एक तुकडा घेतो, त्याचे यजमान यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो आणि तो तुकडा एका दमात चालवितो. बेरीज-वजाबाकीनंतर शून्य आले काय, हातचा उरला काय, हे सांगणारी ध्वजचिन्हे तो प्रत्येक वेळी काढीतही नाही. शेवटची क्रिया कोणती आणि तिची पदे कोणती एवढे टिपून ठेवतो आणि कोणी विचारलेच तर हिशेब करतो. वेगासाठी ही युक्ती उत्तमच आहे. परंतु याचा अर्थ असा की, एम्युलेटरच्या स्मृतीत त्या घटकेस जे पडलेले असते ते प्रोसेसरचे रजिस्टर नव्हेच. ते फार तर त्याचे कच्चे टिपण होय. डीबगरास उत्तर देण्यापूर्वी हे टिपण पुरे केले पाहिजे, म्हणजे दोन आज्ञांच्या मधल्या निश्चित सीमेवर मूळ प्रोसेसर कसा दिसला असता ते सिद्ध केले पाहिजे. क्यूएमू तुकड्यातून बाहेर पडताना ध्वजचिन्हांचा हिशेब पुरा करतो, ही गोष्ट त्याच्या कर्त्यांस या भेदाची जाणीव असल्याचे लक्षण आहे. हाताने लिहिलेल्या लहानसहान एम्युलेटरांत ही जाणीव नेहमी आढळत नाही. आपल्या अंतर्गत चलांची यादी तशीच्या तशी बाहेर पाठविणे त्यांच्या कर्त्यांस प्रामाणिकपणाचे वाटते. वस्तुतः ती प्रोसेसरविषयीची माहिती नसून एम्युलेटरविषयीची असते.

क्षणाच्या प्रश्नाचेच एक रंजक अंग एआरएम प्रोसेसरात आढळते. चालू आज्ञेचा पत्ता दाखविणारे रजिस्टर, प्रोग्राम काउंटर, हे आपल्या ‘येथे’ या शब्दासारखे आहे. ‘येथे’चा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे त्यावर ठरतो. ३२ बिटांच्या एआरएम पद्धतीत एखाद्या आज्ञेने स्वतःच हे रजिस्टर वाचले, तर तिला स्वतःच्या पत्त्यापेक्षा ८ ने अधिक असा पत्ता मिळतो. आज्ञा आणण्याच्या आणि उलगडण्याच्या मूळ रचनेचा तो अवशेष आहे. आखूड आज्ञांच्या थंब पद्धतीत हा फरक ४ चा. बाहेरून पाहणाऱ्या डीबगरास मात्र पुढे चालावयाच्या आज्ञेचाच पत्ता हवा असतो. दोन्ही ‘येथे’ खरे आहेत. परंतु आज्ञेच्या तोंडचा ‘येथे’ निरीक्षकास कळविणे म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचे ‘मी’ तसेच ठेवणे होय.

आता एक वादाचे स्थळ घ्यावयाचे. इंटेलच्या १६ बिटांच्या मूळ पद्धतीत आज्ञेचा पत्ता दोन रजिस्टरांनी मिळून बनतो. सेगमेंटास १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवावयाचा. जीडीबीच्या व्याकरणात अशा जोडपत्त्यास जागा नाही. त्यास केवळ ऑफसेट दिसतो, तोच तो पत्ता समजतो आणि भलत्याच ठिकाणच्या आज्ञा उलगडून दाखवितो. यावर कोणी असा तोडगा सुचवितो की, एम्युलेटरने गुणाकार स्वतःच करून तयार पत्ता ऑफसेटाच्या रजिस्टरात घालून पाठवावा. सोय होते हे खरे, तथापि हा तोडगा मला मान्य नाही. प्रोसेसर चालू होण्याच्या क्षणी काय घडते ते पाहा. ८०३८६ आणि त्यानंतरच्या प्रोसेसरांत त्या क्षणी सेगमेंट ‘एफ०००’ आणि ऑफसेट ‘एफएफएफ०’ असतो. गुणाकार केल्यास १ मेगाबाइटच्या टोकापासून १६ बाइट अलीकडचा पत्ता येतो. प्रत्यक्षात पहिली आज्ञा ४ गिगाबाइटच्या टोकापासून १६ बाइट अलीकडून उचलली जाते. कारण सेगमेंटाच्या पोटात एक आधार-पत्ता दडलेला असतो आणि तो त्या क्षणी दृश्य भागाशी जुळत नाही. तेव्हा ऑफसेटाच्या नावाखाली ऑफसेटच द्यावा, आणि दडलेला आधार-पत्ता वेगळ्या नावाने, वेगळे रजिस्टर म्हणून, वर्णनात घालावा. ६४ बिटांच्या पद्धतीत एफएस आणि जीएस या दोन सेगमेंटांचे आधार-पत्ते असे स्वतंत्र नावांनी दिले जातातच. डीबगरास जोडपत्ता कळत नसेल तर ती डीबगरची उणीव आहे; ती झाकण्यासाठी साक्षीदाराने साक्ष बदलू नये.

येथवर जी उदाहरणे घेतली ती सर्वत्र प्रचलित असलेल्या प्रोसेसरांची. तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे निश्चिततेसाठी, आपल्या शहरातीलच एक यंत्र अधिक उपयोगी पडेल. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक घडविला आणि १९९१ मध्ये तो सिद्ध झाला. डॉ. विजय भटकर हे त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते. त्या यंत्रात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर जातीचे टी-८०० प्रोसेसर समांतर जोडलेले होते. महासंगणकाचा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या प्रोसेसरची आंतरिक रचना मात्र क्वचितच कोणी वाचतो. त्या काळचे प्रोग्राम पुन्हा चालवून त्यांचा अभ्यास करावयाचा तर एम्युलेटर हाच सोयीचा मार्ग आहे, आणि त्या एम्युलेटरास डीबगर जोडताच रजिस्टरांच्या निवेदनाचा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहतो.

ट्रान्सप्यूटरात सर्वसाधारण कामाची रजिस्टरे तीनच: ए, बी आणि सी. ती उतरंडीसारखी रचलेली असतात. नवे मूल्य ‘ए’मध्ये येते, जुने खाली सरकते आणि चौथे आले की ‘सी’तील मूल्य नाहीसे होते. यांशिवाय चालू प्रक्रियेच्या कार्यक्षेत्राचा पत्ता देणारे एक, पुढील आज्ञेचा पत्ता देणारे एक, आणि आज्ञेचे पद जुळविणारे एक रजिस्टर असते. टी-८०० मध्ये दशांश गणितासाठी आणखी तिघांची अशीच उतरंड आहे. या जातीचे वैशिष्ट्य असे की, अनेक प्रक्रियांना आळीपाळीने चालविण्याचे काम कार्यप्रणालीकडे नसून प्रोसेसर स्वतःच ते करतो. प्रक्रिया बदल ठरावीक आज्ञांवरच होतो आणि तो जलद व्हावा म्हणून त्या वेळी ए, बी, सी जतन केली जात नाहीत. प्रक्रिया थांबली की पुढच्या आज्ञेचा पत्ता तिच्या कार्यक्षेत्राच्या लगत खालच्या शब्दात लिहिला जातो आणि उतरंडीतील मूल्ये सोडून दिली जातात. ती पुन्हा लागणार नाहीत याची काळजी कंपायलरने घ्यावयाची.

समजा, डीबगरने एका वाट पाहत असलेल्या प्रक्रियेकडे बोट दाखवून विचारले की, हिचे ‘ए’ रजिस्टर काय आहे? जीडीबीच्या संकेतात प्रक्रिया निवडून रजिस्टरे विचारण्याची सोय आहेच, त्यामुळे प्रश्न व्याकरणशुद्ध आहे. परंतु उत्तर काय? ही प्रक्रिया चालू असती तर उत्तर प्रोसेसरमध्ये सापडले असते. ती खालच्या प्राधान्याची असून वरच्या प्राधान्याच्या प्रक्रियेने तिला मध्येच अडविले असते, तर तिची तिन्ही रजिस्टरे प्रोसेसरच्या अंतर्गत ४ किलोबाइट स्मृतीच्या तळाशी राखून ठेवलेल्या जागेत जतन झालेली असतात. एका वेळी अशी एकच प्रक्रिया असू शकते आणि तिच्यापुरते उत्तर तेथून काढून द्यावयाचे. ती आपण होऊन थांबली असेल तर मात्र तिला ‘ए’ रजिस्टर नाहीच. म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरे झाली: येथे आहे, तेथे ठेवले आहे, नाही. सामान्य एम्युलेटर या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर देईल, या घटकेस प्रोसेसरच्या ‘ए’मध्ये जे असेल ते, आणि ते दुसऱ्याच प्रक्रियेचे असेल. थोडा अधिक विचारी एम्युलेटर तिसऱ्या ठिकाणी शून्य देईल. माझ्या दृष्टीने या दोहोंत शून्य अधिक वाईट आहे. परक्याचे मूल्य निदान कोठेतरी विसंगत दिसते; शून्य सर्वत्र खपते.

शून्य आणि अभाव यांतील भेद भारतीय व्याकरणाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. पाणिनीने लोपाची व्याख्या दिसत नसणे अशी केली. एखादे विशिष्ट मूल्य असणे अशी नव्हे. त्यामुळेच लोप पावलेल्या प्रत्ययाचे कार्य पुढील सूत्रांना विचारात घेता येते. जीडीबीच्या संकेतातही असे एक चिन्ह आहे. रजिस्टराचे मूल्य टिपलेले नसेल तर अंकांच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर लिहावे अशी मुभा आहे, आणि मग डीबगर पडद्यावर आकड्याऐवजी ‘उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा शेरा दाखवितो. ही मुभा एका मर्यादित कामासाठी, आधी टिपून ठेवलेल्या नोंदी मागाहून वाचण्यासाठी, योजिलेली होती. एम्युलेटरांनी ती सरसकट वापरावी असे मला वाटते. परंतु चिन्ह एकच असल्याने दोन निराळे अर्थ त्यात मिसळतात. मूल्य होते परंतु मला ठाऊक नाही, हा एक अर्थ. मूल्य असे काही नव्हतेच, हा दुसरा. मौजेची गोष्ट अशी की, बाहेरच्या फंक्शनांची रजिस्टरे स्वतः हुडकताना जीडीबी हा भेद जाणतो आणि ‘जतन केलेले नाही’ असा वेगळा शेरा देतो. जे त्याला स्वतःशी बोलताना कळते ते दुसऱ्याकडून ऐकताना व्यक्त करण्यास त्याच्या संकेतात शब्द नाही. या संकेतावरील माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

असा शब्द घडविणे अशक्य नाही, हे पुण्यात सांगताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण होणे अपरिहार्य आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊ लागली तेव्हा, हस्तलिखितांच्या साक्षीने जो पाठ पुरेसा निश्चित ठरत नाही त्याखाली नागमोडी रेघ ओढण्याचा परिपाठ तीत ठेवला गेला. पाठ गाळला नाही आणि निश्चित असल्याचे भासविलेही नाही. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या प्रचंड कार्यात ही रेघ मला नेहमीच फार मोलाची वाटत आली आहे. डीबगरच्या पडद्यावर तिला जागा का नसावी, हे मला कळत नाही. मूल्यासोबत एक अंक पाठविला तरी काम भागेल: निश्चित, अज्ञात, अथवा अविद्यमान.

ट्रान्सप्यूटरात आणखी एक गोष्ट आहे, ती भाषाभ्यासकास मोह घालणारी. याची प्रत्येक आज्ञा एका बाइटची. त्यातील ४ बिट क्रियेचे आणि ४ बिट पदाचे. पद मोठे असेल तर मूळ आज्ञेआधी ‘प्रीफिक्स’ नावाचे बाइट येतात आणि ते पद जुळविणाऱ्या रजिस्टरात मूल्य साचवीत जातात. मूळ आज्ञा पार पडली की ते रजिस्टर पुन्हा रिकामे होते. उपसर्ग आणि धातू यांचेच हे नाते म्हणावयास हरकत नाही. आता डीबगरने एक पाऊल पुढे टाकण्यास सांगितले तर पाऊल एका बाइटाचे की उपसर्गांसह पुऱ्या आज्ञेचे? माझे उत्तर, पुऱ्या आज्ञेचे. उपसर्गानंतर थांबून रजिस्टरे विचारणे म्हणजे ‘प्र’ आणि ‘हार’ यांच्या मध्ये बोलणाऱ्यास अडवून अर्थ विचारण्यासारखे आहे. पाऊल पदसीमेवर पडू लागले की ते जुळवणीचे रजिस्टर नेहमी रिकामेच दिसेल, आणि सामान्य यादीतून ते गाळता येईल. प्रोसेसरची घडण तपासणाऱ्यासाठी ते वर्णनातील वेगळ्या गटात ठेवावे. तशी सोय संकेतात आहे.

कार्यक्षेत्राच्या रजिस्टराविषयीही असाच विवेक करावा लागतो. प्रक्रियेची ओळख देणाऱ्या शब्दाच्या शेवटच्या बिटात तिचे प्राधान्य लिहिलेले असते, वरचे असेल तर ०, खालचे असेल तर १. पत्ता म्हणून हा शब्द तसाच दिला तर डीबगर एका बाइटाने चुकलेल्या जागेतून स्थानिक चले वाचील. तेव्हा पत्ता आणि प्राधान्य ही दोन नावे वेगळी द्यावीत.

विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्ये भाषिक सर्वेक्षणातील ज्या पेचास निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले, तो येथेही आहे: कोणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे ऐकल्यावाचून कळत नाही. क्षेत्रीय अभ्यासकास त्यातून पुरते सुटता येत नाही. एम्युलेटरास येते, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी आहे. उपकरणांची काही रजिस्टरे अशी असतात की, ती वाचली म्हणजे आत साठलेले अक्षर निघून जाते. डीबगरच्या वाचनाने ते जाता कामा नये. प्रोग्रामच्या वाचनाने मात्र गेलेच पाहिजे. एका एम्युलेटरात हा भेद पाळलेला नसल्याने आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थ्यांचा एक आठवडा वाया गेला. स्मृतीची खिडकी उघडी ठेवली की प्रोग्राम बिघडे, बंद केली की सुधारे, आणि तपासावयाचे तर ती उघडावीच लागे.

लिहिण्याचा विषय थोडक्यात आटोपता येईल. डीबगर रजिस्टरात मूल्य घालूही शकतो. रिस्क-फाइव्हच्या ‘एक्स-०’मध्ये, जे नेहमी शून्यच असते, कोणी ५ घातले तर एम्युलेटरने ते मुकाट्याने टाकून द्यावे की चूक कळवावी? यंत्राची आज्ञा असती तर टाकून देणेच योग्य होते, कारण प्रोसेसरचा नियम तोच आहे. परंतु येथे लिहिणारा माणूस आहे आणि तो काहीतरी घडेल या समजुतीने लिहीत आहे. त्यास चूक कळवावी. ट्रान्सप्यूटरातील थांबलेल्या प्रक्रियेच्या ‘ए’मध्ये लिहू पाहणाऱ्यासही हेच उत्तर.

राहता राहिली घड्याळे. टी-८०० मध्ये प्रत्येक प्राधान्यासाठी एक अशी दोन घड्याळे आहेत. वरच्या प्राधान्याचे दर मायक्रोसेकंदास पुढे सरकते, खालच्याचे दर ६४ मायक्रोसेकंदांस. डीबगरने यंत्र थांबविले असता ती चालू ठेवली तर रजिस्टरे वाचून होईपर्यंत वाट पाहणाऱ्या कित्येक प्रक्रियांची मुदत उलटून जाईल, आणि यंत्र पुन्हा सुरू होताच सर्व जणी एकदम जाग्या होतील. म्हणून एकट्या प्रोसेसरचे सोंग घेतलेले असेल तेव्हा घड्याळेही थांबवावीत. ‘परम’सारख्या यंत्रात मात्र एक प्रोसेसर थांबला तरी चार दुव्यांनी जोडलेले त्याचे शेजारी चालूच असतात, त्यांच्यासह सर्वांची घड्याळे एकाच क्षणी थांबविण्याची सोय एम्युलेटरात प्रथम करावी लागेल, आणि मगच ६४ प्रोसेसरांपैकी कोणत्या एकाची रजिस्टरे दाखवावयाची हा प्रश्न विचारता येईल.